उघड्या तळहातावरचं पान

आमच्या नल्लेरी गावात मासिलामणी वाद्यारांना कुणी नावाने हाक मारत नाही. वाद्यार म्हणजे मास्तर. शाळा सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, त्यांच्या हातचा मार खाल्लेली पोरं आता आजोबा व्हायला आली, तरी वाद्यार समोरून आले की ती अजून विडी पाठीमागे लपवतात. गावात दोघांचं जमेना की तिसरा म्हणायचा, "चला वाद्यारांकडे." इतका विश्वास एका माणसावर टाकू नये. पण हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आमच्या शिवमंदिराच्या पश्चिमेच्या भिंतीवर हजार वर्षांपूर्वीचा एक लेख कोरलेला आहे. तळ्याचा कारभार कुणी पाहायचा, तो माणूस कसा निवडायचा आणि कुणाला त्या जागेजवळ फिरकूही द्यायचं नाही, ते सगळं त्यात आहे. पिढ्यानपिढ्या गावाने त्या भिंतीला पाठ टेकून चकाट्या पिटल्या, तिच्या सावलीला बकऱ्या बांधल्या. वाचायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती. ती वाद्यारांनी घेतली. डोक्यावर छत्री धरून, ओल्या फडक्याने एकेक ओळ पुसत त्यांनी तो लेख लावला. आणि नुसतं वाचून गप्प बसते तर ते वाद्यार कसले! तेव्हा तळ्याच्या पाण्यावरून दर वर्षी डोकी फुटायची. पाणी सोडायच्या मोरीजवळच्या शेतांना पोटभर पाणी, पाटाच्या शेवटाकडच्या शेतांना उरलं तर. वाद्यारांनी अख्ख्या गावाला भिंतीसमोर बसवलं आणि विचारलं, "पूर्वजांनी तुमचा तंटा मिटवून ठेवलाय, मग तुम्ही रोज नव्याने कशाला उकरून काढता?"

भिंतीवरची रीत साधी आहे. तळ्याच्या पाण्यावर ज्याची शेती, त्या कुणीही आपलं नाव द्यावं. नावं ताडाच्या पानांवर लिहून घड्यात टाकायची. एखाद्या अजाण लेकराने घड्यात हात घालून एक पान काढायचं; त्याच्या हातून गावदेवीच निवडते, असं आम्ही मानतो. वाचणाऱ्याने ते उघड्या तळहातावर घ्यायचं, पाचही बोटं पसरून, म्हणजे बोटांच्या बेचक्यात दुसरं पान दडवलेलं नाही हे सगळ्यांना दिसतं. मग नाव मोठ्याने वाचायचं. आणि मग ते पान जमलेल्यांच्या हातांतून फिरवायचं. वाचता येतं त्या प्रत्येकाने ते वाचायचं. ज्याचं नाव निघेल तो वर्षभर तळ्याचा कारभारी. यात जो लबाडी करील तो कायमचा बाद, आणि त्याच्याबरोबर त्याचे भाऊ, मुलगे आणि जावईही बाद.

"पूर्वज नातेवाइकांना चांगले ओळखून होते," असं वाद्यार म्हणायचे आणि लोक हसायचे.

ही रीत चालली. भांडणं थांबली असं नाही, पण डोकी फुटायची थांबली. पेपरवाले आले, मग कलेक्टर आले, मग दिल्लीचे साहेब आले. दिल्लीत कुठल्याशा सभेत कुणी म्हणालं, म्हणे, की जगातले पाण्याचे तंटे मिटवायचे असतील तर प्राचीन भारताकडे पाहा, नल्लेरीकडे पाहा. पेपरातलं ते कात्रण चहाच्या टपरीवर चिकटवलेलं होतं. वाद्यार टपरीवर चहा पीत नसत, पण त्या दिवसांत ते तिथून वरचेवर जायला लागले.

गेल्या वर्षी निवडीच्या दिवशी परदेशचे पाहुणे आले. ज्यांच्या देशांत नद्यांवरून, कालव्यांवरून शेजाऱ्यांशी वैर आहे, अशा ठिकाणचे सरकारी लोक. मंदिरापुढे मांडव पडला. दिल्लीच्या साहेबांनी वाद्यारांना बाजूला घेतलं.

"ज्याचं नाव निघेल त्याला आम्ही दिल्लीला नेणार. मोठी सभा आहे, तिथे त्याने दोन शब्द बोलायचे. जरा बरा माणूस निघू दे म्हणजे झालं!" असं म्हणून साहेब हसले. वाद्यारही हसले.

तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूने आवाज चढला. पाटाच्या अगदी शेवटाकडे शेत असलेली अंजलै आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडात पानाचा तोबरा, लुगडं खोचलेलं. तिच्या शेजारच्या शेताचा मालक गोविंदन समोर दिसला आणि तिला पाहुणे, कलेक्टर कशाचं भान राहिलं नाही.

"काय रे गोविंदा, भात खातोस की बांध खातोस? दर साली माझा वीतभर बांध गिळतोस, पोट कसं दुखत नाही तुझं?"

"आधी तुझ्या जिभेला बांध घाल, अंजलै. मग माझ्या शेताकडे बघ."

"तुझ्या शेताकडे कोण बघतंय मेल्या? माझ्याच शेताकडे बघतेय, ते तुझ्यात गेलंय!"

पाहुण्यांपैकी एकाने काय चाललंय ते विचारलं. सरकारी दुभाषा म्हणाला की शेतकरी जमिनीच्या सीमांविषयी विचारविनिमय करत आहेत. पाहुण्यांनी माना डोलावल्या. वाद्यारांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या जगाला शहाणपण दाखवायला मांडव घातला आणि त्यात ही बाई पिचकाऱ्या टाकतेय, असं त्यांच्या मनात आलं. ती शेवटाकडची, तिकडच्या वस्तीतली, हेही मनात आलं. ते आलं नव्हतं असं त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण जमलं नाही.

घड्याचं तोंड सोडलं. पुजाऱ्याच्या लहानग्या नातीने हात घातला, पान काढलं. वाद्यारांनी पाचही बोटं ताणून तळहात पुढे केला. कॅमेरे पुढे सरकले. पान तळहातावर पडलं. त्यावर त्यांच्याच हातचं वळणदार अक्षर होतं: अंजलै.

वाद्यारांनी वर पाहिलं. दिल्लीचे साहेब उत्सुकतेने पाहत होते. मागे अंजलै नखाने दातात अडकलेली सुपारी काढत होती. आणि पुढच्या खुर्चीत राजमन्नार बसला होता. बँकेतून निवृत्त झालेला, पांढऱ्या सदऱ्याचा, इंग्रजी बोलणारा; नाव त्याचंही घड्यात होतं.

"राजमन्नार," वाद्यार म्हणाले.

पाचही बोटं पसरलेलीच होती. हाताने काहीच लपवलं नाही. लबाडी तोंडाने झाली, आणि तोंडाच्या लबाडीवरचा उपाय रीतीच्या पुढच्याच पायरीत होता. पण साहेबांनी घड्याळ पाहिलं. गाड्या खोळंबल्यात, विमान आहे, पान फिरवत बसलो तर उशीर होईल, असं म्हणाले. पुजारी म्हणाले, "वाद्यारांनी वाचलं म्हणजे वाचलं. फिरवायचंय कशाला?" आम्हीही सगळे हो म्हणालो. टाळ्या झाल्या. वाद्यारांनी पान परत घड्यात टाकून ढवळलं आणि नेहमीप्रमाणे सगळी पानं तळ्यात सोडून दिली. आता ती गोष्ट एका मासिलामणीखेरीज जगात कुणाला माहीत नव्हती.

राजमन्नार वाईट निघाला असता तर बरं झालं असतं. वाद्यारांना त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. पण तो भला माणूस. दिल्लीत छान बोलला. मोरी वेळेवर उघडली, वेळेवर बंद केली. फक्त पाणी शेवटापर्यंत पोचतं की नाही हे पाहायला तो कधी शेवटापर्यंत चालत गेला नाही. पोचतच असेल, असं त्याने धरून चाललं. ऐन लोंब्या धरायच्या वेळी शेवटाकडची शेतं तडकली. अंजलैचं भात वाळून कोळ झालं. तिने ते कापून गुरांपुढे टाकलं.

त्यानंतर ती एकदा वाद्यारांच्या ओसरीवर येऊन बसली. प्रौढांच्या वर्गात वाद्यारांनीच तिला अक्षरओळख करून दिली होती. त्यामुळे तिला हे घर परकं नव्हतं.

"राजमन्नार अण्णांना मी काही बोलले नाही हो, वाद्यारय्या," ती म्हणाली. "त्यांचा काय दोष? घड्याने त्यांना निवडलं. मला भांडायला तोंड आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण घड्याशी कोण भांडणार? माणसाने नाही म्हटलं असतं तर त्याची गचांडी धरली असती. हे तर देवीने नाही म्हटलंय. दर साली नाव घालते, एकदा तरी काढावंसं वाटलं का तिला?"

सांगून टाकावं असं वाद्यारांच्या अगदी ओठांवर आलं. आणि ते म्हणाले काय, तर, "तैयल, अंजलैला कॉफी आण गं."

त्यांची बायको तैयल कॉफी घेऊन आली. "पुढच्या वर्षी बघू," वाद्यार पेल्याकडे पाहत म्हणाले.

"पुढच्या वर्षी नाव नकोच. नको असलेल्या दारात किती वेळा उभं राहायचं?" कॉफी संपवून, पेला स्वतः विसळून ठेवून ती गेली.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, देवीला कूळ वाहतात, नाचणीची आंबील. दर वर्षी सगळ्यांत मोठी हंडी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे अंजलै असायची. या वर्षी ती दिसली नाही. कुणी विचारलं तर म्हणाली, "ती माझ्याशी बोलत नाही, मग मीच कशाला बोलू?" बायका हसल्या. वाद्यारांच्या हातातली आंबील तशीच राहिली. त्या दिवसापासून ते अंजलैला टाळायला लागले. ती टपरीपाशी दिसली की हे गल्लीत वळायचे. आयुष्यभर ज्यांना पाहून लोक विडी लपवत, ते आता स्वतःच लपत फिरत होते.

"अहो, हल्ली उजवी मूठ सारखी आवळून का बसता?" तैयलने एकदा विचारलं. "संधिवात झाला की काय?"

"झाला असेल," ते म्हणाले. बायकोशीही खोटं बोललो, हे त्यांनी आपल्या लबाडीच्या हिशेबात आणखी एक जमा केलं.

या वर्षीच्या निवडीच्या आदल्या दिवशी एक पाहुणी आली. आयसुलू तिचं नाव. गेल्या वर्षीच्या पाहुण्यांत ती होती. कुठे तरी डोंगराळ मुलुखात, दोन देशांच्या सीमेवर तिचा जिल्हा. वाद्यारांचा मुलगा कदिरवन कारखान्यातली नोकरी सोडून गावी शेती करायला आलेला. त्याला इंग्रजी येतं, म्हणून तोच दुभाषा. त्याने यंदा पहिल्यांदाच घड्यात आपलं नाव दिलं होतं, आणि वडिलांच्या रीतीविषयी पाहुणी काय बोलते ते सांगताना त्याचा चेहरा फुलला होता.

"अप्पा, ह्या म्हणतात की त्यांच्याकडे एकाच कालव्याच्या दोन काठांवर दोन देशांची दोन गावं आहेत. पाण्यावरून बंदुका निघायच्या. आता दोन्ही गावं मिळून एकच पाणकारभारी निवडतात, आपल्या रीतीने! घडा नाही त्यांच्याकडे, लोकरीची मोठी टोपी आहे. टोपीत चिठ्ठ्या टाकतात. पण तळहात आपलाच. कुणावर संशय आला की तिथली माणसं म्हणतात, 'नल्लेरी दाखव.' म्हणजे हात उघडा कर."

वाद्यारांनी उजवा हात उपरण्याखाली घेतला.

आयसुलू आणखी काही तरी हसत म्हणाली. कदिरवनही हसला. "त्या म्हणतात, 'तुमच्याकडे त्या दिवशी पान फिरवलं नाही, घाई होती. मला नवल वाटलं. मग कळलं, तुमचा वाचणाऱ्यावर इतका विश्वास आहे. आमच्याकडे असा माणूस नाही. म्हणून आम्ही दर वेळी चिठ्ठी सगळ्यांत फिरवतो, शेवटच्या म्हातारीपर्यंत.'" मग तो वडिलांकडे वळून म्हणाला, "आणि परवा दिल्लीच्या सभेत तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहून तळहात दाखवायचा आहे. फोटो जगभर जाणार, अप्पा."

त्या दिवशी वाद्यार जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपुढे सगळा गाव जमला. मांडव नव्हता, कॅमेरा नव्हता, पाहुणी तेवढी एका बाजूला चटईवर बसली होती आणि कदिरवन तिच्याजवळ. अंजलैही आली होती. नाव घातलं नव्हतं, पण भांडण लागलं तर बघायला म्हणून आली होती, असं तीच सांगत होती. वाद्यार घड्यापाशी उभे राहिले. घड्याचं तोंड बांधायच्या आधी कुणाला नाव घालायचं असेल तर घाला, असं त्यांनी दर वर्षीसारखं विचारायचं होतं. ते न विचारता त्यांनी भिंतीवर एक हात टेकला.

"गेल्या वर्षी पानावर राजमन्नारचं नाव नव्हतं," ते म्हणाले. "अंजलैचं होतं. मी खोटं वाचलं."

कुणी तरी हसलं. वाद्यार थट्टा करतायत असं आधी वाटलं, कारण दुसरं काही वाटायची आम्हाला सवयच नव्हती.

"वाद्यार, ऊन लागलं का?" गोविंदन म्हणाला.

"ऊन नाही लागलं. पाहुण्यांसमोर मला अंजलैची लाज वाटली. चिखलाची लाज वाटली. प्राचीन शहाणपण पांढऱ्या सदऱ्यात शोभेल असं वाटलं. गावाची अब्रू वाचवतोय असं तेव्हा वाटलं होतं, पण ती माझी स्वतःची अब्रू होती."

राजमन्नार मान खाली घालून बसला. त्याचा काही गुन्हा नव्हता, तरी त्याचे कान लाल झाले. आयसुलूने कदिरवनला विचारलं, काय म्हणाले ते? कदिरवनने तोंड उघडलं, मिटलं. जमिनीच्या सीमांविषयी विचारविनिमय, असलं काही तरी तोही सांगू शकला असता. मग त्याने खाली पाहत तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, ते वाद्यारांनी पाहिलं.

"भिंतीवर काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीत आहे," वाद्यार म्हणाले. "मी बाद. कदिरवनचं पानही बाद."

कदिरवन उठून आला. घड्यात हात घालून, चाचपून त्याने आपल्या नावाचं पान शोधलं आणि मोडून खिशात टाकलं. "निदान मला आधी सांगायचं होतंत, अप्पा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "काल तिच्यासमोर मी किती फुशारक्या मारल्या." वाद्यारांना त्याच्याकडे पाहवेना. लेकराने काहीच केलं नव्हतं आणि त्याच्या पहिल्याच वर्षी बापाने त्याच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

तोवर अंजलै पुढे आली होती. शिव्यांचा पट्टा सुटणार म्हणून बायकांनी आधीच पदर तोंडाला लावले. पण तिचा आवाज चढला नाही.

"भात गेलं ते गेलं," ती म्हणाली. "ते माझ्याकडून दर दोन सालांनी जातंच. पण वाद्यारय्या, मी वर्षभर देवीला बोल लावला. तिच्या दारात गेले नाही. तिला आंबील दिली नाही. तिने तर माझं नाव काढलं होतं हो! तिने काढलं आणि तुम्ही गिळलंत. आता संध्याकाळी तिच्यासमोर जाऊन मी काय सांगू?"

शिव्या दिल्या असत्या तर वाद्यारांनी खाली मान घालून ऐकल्या असत्या. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"यंदाचं वर्ष अंजलैलाच द्या," राजमन्नार म्हणाला. "तिचा हक्क आहे."

"भीक नको," अंजलै म्हणाली. "घड्यातून येईल तर घेईन. पान द्या इकडे. नाही, तुम्ही नका लिहू, वाद्यारय्या. मी लिहिते." खाली बसून, मांडीवर पान धरून तिने आपलं नाव कोरलं. अक्षरं वेडीवाकडी आली. ती तिला कुणी शिकवली होती हे सगळ्यांना माहीत होतं.

आता पान वाचणार कोण, यावर सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. पुजारी म्हणाले, मला हल्ली चष्म्यातूनही नीट दिसत नाही. राजमन्नार म्हणाला, मला नका सांगू. शेवटी अंजलैनेच हात पुढे केला आणि बोटं फाकवली. चिखलाने चिरा पडलेली ती पाच बोटं सगळ्यांना दिसली.

"माझंही नाव आहे घड्यात," ती म्हणाली. "म्हणून डोळे फाडून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

पुजाऱ्याच्या नातीने पान काढून तिच्या तळहातावर ठेवलं. अंजलै ओठ हलवत, अक्षर अक्षर लावत राहिली. तिचा चेहरा जरासा उतरला. मग तिने वर पाहिलं आणि मंदिराच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "गोविंदन!"

गोविंदन दचकून उभाच राहिला. त्याला आनंद झाला की भीती वाटली, ते कळेना.

पान फिरलं. पुजाऱ्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, राजमन्नारने वाचलं, कदिरवनने वाचलं, आयसुलूला ती लिपी येत नव्हती तरी तिने पान हातात घेऊन नीट पाहिलं. गर्दीत सगळ्यांत मागे, जिथे नाव न घालता येणारे बसतात, तिथे वाद्यार जाऊन बसले होते. पान त्यांच्यापर्यंत आलं नाही. ते परत अंजलैपाशी आलं, आणि ते घेऊन ती स्वतः मागे चालत गेली.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला वाचता येतं ना?"

वाद्यारांनी उजवा हात उघडला. पाचही बोटं पसरली.

"गोविंदन," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं," अंजलै म्हणाली. "मोठ्याने वाचा."